‘डॉ. नो’ची तबकडी : एका धुनेसाठी घ्यावी का?

‘डॉ. नो’ या पहिल्या जेम्स बाँडपटाच्या संगीताची तबकडी युनायटेड आर्टिस्ट्सने 1963 साली काढली. पुढे तिच्या सीडी निघाल्या आणि आता ती ऑनलाइन संगीतसेवांवरही ऐकता येते. अठरा तुकड्यांच्या या अल्बमचा पहिलाच तुकडा म्हणजे ती गिटारची धून, जी ऐकलेली नाही असा चित्रपट पाहणारा माणूस शोधून सापडणार नाही. हा अल्बम बहुतेक लोक त्या पावणेदोन मिनिटांसाठीच घेतात आणि पुढच्या सतरा तुकड्यांत कॅलिप्सो (कॅरिबियन बेटांवरची गाण्याची शैली), ट्विस्ट (त्या काळचा नाच) आणि बोंगो (हाताने वाजवायचे छोटे जोडढोल) ऐकून बुचकळ्यात पडतात. केवळ करमणूक म्हणून पाहिले तर हा अल्बम मध्यम दर्जाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र एखादी धून नेमकी कोणाच्या हातून आणि कशी घडते हे कानांनी समजून घ्यायचे असेल, तर याच्याइतके उपयोगी ध्वनिमुद्रण मला दुसरे माहीत नाही, कारण मूळ संगीतकाराचे स्वतःचे काम आणि त्याच्या सुरावटीवर दुसऱ्याने केलेले काम ही दोन्ही इथे एकाच तबकडीवर शेजारी शेजारी आहेत.

अल्बमवर संगीतकार म्हणून नाव आहे मॉन्टी नॉर्मन यांचे. लंडनच्या पूर्व भागातल्या ज्यू कुटुंबात 1928 साली जन्मलेले नॉर्मन आधी मोठ्या वाद्यवृंदांचे गायक होते आणि नंतर रंगभूमीवरच्या संगीतिकांकडे वळले. चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी अल्बर्ट ब्रॉकली यांनी नॉर्मन यांच्या एका संगीतिकेत पैसे गुंतवले होते, आणि तीच ओळख पुढे कामी आली. दुसरे निर्माते हॅरी सॉल्ट्झमन यांनी पत्नीसह जमैकाला चला, सगळा खर्च आमचा, असा प्रस्ताव ठेवला आणि नॉर्मन तयार झाले. चित्रीकरण 1962 च्या जानेवारीत जमैकात सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो देश ब्रिटिश अमलातून स्वतंत्र झाला. अल्बममधला बराचसा भाग त्या मुक्कामाचे फळ आहे आणि तो ऐकताना त्या दिवसांतली तिथली मोकळी, उत्साही हवा जाणवते.

या जमैकन भागाला केवळ भरताड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. आंब्याच्या झाडाखालचे ते गोड, संथ प्रेमगीत खरोखर चांगले आहे. पडद्यावर समुद्रातून बाहेर येणारी उर्सुला अँड्रेस ते गुणगुणते, पण तिच्यासाठी आवाज दिला आहे नॉर्मन यांच्या पत्नी डायना कुपलंड यांनी. बायरन ली आणि त्यांच्या ड्रॅगनेअर्स या तिथल्या नामांकित बँडचे नाचाचे गाणेही तसेच. त्यातला ताल इतका जिवंत आहे की एखाद्या स्टुडिओतल्या लंडनवासी वादकांना तो नुसती स्वरलिपी वाचून काढता आला नसता. तीन आंधळ्या उंदरांच्या इंग्रजी बालगीताला कॅलिप्सोचा साज चढवून आंधळ्या भिकाऱ्यांच्या वेषातले तीन मारेकरी पडद्यावर आणण्याची कल्पना चतुर आहे. अडचण पुढे येते. आंब्याच्या झाडाचे गाणे एकापेक्षा अधिक रूपांत परत परत भेटते, ट्विस्टचे तुकडे एकमेकांसारखेच वाटतात, आणि डॉक्टर नोच्या नावाने जे संगीत आहे त्यात धास्ती अशी कुठेच उभी राहत नाही. उत्तरार्धात लक्ष उडते.

हीच अडचण 1962 च्या उन्हाळ्यात निर्मात्यांनाही जाणवली असली पाहिजे. गाणी होती, बेटाचे वातावरण होते, पण ज्याच्या नावावर चित्रपटमालिका चालवायची तो नायक संगीतात कुठे दिसत नव्हता. नॉर्मन यांनी त्याच्यासाठी एक सुरावट दिलेली होती, तिला हवा तो दरारा येत नव्हता. तेव्हा युनायटेड आर्टिस्ट्सच्या संगीत विभागाचे लंडनमधले प्रमुख नोएल रॉजर्स यांनी जॉन बॅरी या 28 वर्षांच्या तरुण वाद्यसंयोजकाला फोन केला. बॅरी यॉर्कचे. वडिलांची चित्रपटगृहे होती, त्यामुळे पडद्यावरचे संगीत लहानपणापासून कानात मुरलेले. स्वतः ट्रम्पेट वाजवणारे, आणि ‘जॉन बॅरी सेव्हन’ या आपल्या बँडमुळे तेव्हा चांगलेच नावारूपाला आलेले. चित्रपट न पाहता, केवळ श्रेयनामावली किती लांबीची आहे एवढ्या माहितीवर, सुमारे 250 पौंडांच्या एकरकमी मोबदल्यात त्यांनी काम घेतले.

आता मूळ सुरावट आली कुठून? ही गोष्ट आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. व्ही. एस. नायपॉल यांच्या त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबावरच्या ‘ए हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या 1961 च्या कादंबरीवर एक संगीतिका करायचे घाटत होते आणि तिच्यासाठी नॉर्मन यांनी काही गाणी बांधली होती. संगीतिका रंगमंचावर आली नाही. त्यातले एक गाणे शुभ-अशुभ शकुनांविषयीचे होते. कादंबरीतल्या मोहन बिस्वासच्या जन्मवेळीच पंडित सांगतो की या मुलाची शिंक अपशकुनी असेल, आणि गाण्यात तो नायक आपल्या त्या दुर्दैवी शिंकेचेच गाऱ्हाणे गातो. सतारीच्या साथीने, हिंदुस्थानी वळणाने जाणारी ही सुरावट नॉर्मन यांनी खणातून बाहेर काढली, तिचे स्वर तोडून तुटक केले आणि बाँडला दिली. निघताना कोणी शिंकले तर दोन घटका थांबणारी माणसे ज्या घरांत अजून आहेत, त्या घरांतल्या श्रोत्याला जगातल्या सर्वांत ऐटबाज हेराच्या धुनेमागे गिरमिटियाच्या, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या भारतीय मजुराच्या, वंशजाची शिंक असावी, हे कळल्यावर ती धून पुन्हा एकदा मुद्दाम ऐकावीशी वाटेल. नॉर्मन यांनी 2005 साली ‘कम्प्लीटिंग द सर्कल’ नावाचा स्वतःचा अल्बम काढून त्यात हे मूळ गाणे ध्वनिमुद्रित केले. ते ऐकल्यावर गिटारच्या ओळीचे बीज तिथे आहे याविषयी शंका राहत नाही.

तथापि बीज म्हणजे झाड नव्हे, आणि बॅरी यांनी नेमके काय केले हे ऐकण्यासाठी हा अल्बम उघडावा. धून ई मायनरमध्ये आहे. ई या स्वराला षड्ज मानले तर सुरुवातीला खालून जे सरपटत येते ते आहे पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि पुन्हा कोमल धैवत. एवढे चारच स्वर, अर्ध्या अर्ध्या स्वराने वर जाऊन एक पायरी मागे येणारे. त्यांना कुठे पोहोचायचे नाही. ते घिरट्या घालतात, आणि धोका आहे पण दिसत नाही ही भावना त्यातूनच निर्माण होते. त्यावर गिटार येते ती सा, रे आणि कोमल गंधार या तीन स्वरांत. सा रे रे रे रे सा सा सा, पुढे तोच आकार गंधारावरून खाली. इथवर नॉर्मन यांच्या गाण्याची चाल स्पष्ट ओळखू येते. मग गिटार शुद्ध निषादावरून कोमल निषादावर घसरते आणि पंचम-मध्यम-पंचम असे करून थांबते. ही घसरण मला साऱ्या तुकड्यातली सर्वांत मोलाची जागा वाटते. शुद्ध आणि कोमल निषाद लागोपाठ घेतल्याने सुराला जी किंचित छद्मी छटा येते, ती पुढच्या कित्येक हेरपटांनी उसनी घेतली.

त्यानंतर एकदम पितळी वाद्ये उसळतात आणि धून जॅझच्या मोठ्या बँडच्या डोलात शिरते. पाच सॅक्सोफोन, नऊ पितळी वाद्ये, एक गिटार आणि तालवाद्ये एवढाच हा ताफा आहे. व्हायोलिनचा थवा नाही, त्यामुळे आवाजाला मऊपणा नाही. सगळे कडक आणि कोरडे आहे. आधी चोरपावलांनी चालणारा माणूस अचानक मेजवानीच्या दालनात ऐटीत शिरावा, असा तो बदल आहे आणि बाँड या पात्राच्या दोन्ही बाजू त्यात पावणेदोन मिनिटांत येऊन जातात. शेवटी गिटारवर एकच स्वरसंगती सोडून दिलेली आहे, मायनर असूनही शुद्ध निषाद आणि ऋषभ मिसळलेली, त्यामुळे ती संपूनही संपत नाही. हेडफोन लावून ऐकल्यास ती विरेपर्यंतचा प्रत्येक क्षण टिपता येतो आणि तो तसा टिपावाच.

गिटार वाजवली आहे व्हिक फ्लिक यांनी. ध्वनिमुद्रण 21 जून 1962 रोजी लंडनच्या बेझवॉटर भागातल्या सीटीएस स्टुडिओत झाले. फ्लिक हे बॅरी यांच्या बँडचे मुख्य गिटारवादक. त्यांची गिटार क्लिफर्ड एसेक्स कंपनीची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळातली, पोकळ पोटाची. तिला जोडलेला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपून विजेवर मोठा करायला देणारा भाग, तारांच्या अधिक जवळ यावा म्हणून त्याच्याखाली सिगारेटचे चुरगाळलेले पाकीट खुपसलेले होते. धून आधी वरच्या सप्तकात लिहिलेली होती, ती एक सप्तक खाली आणावी असे आपण सुचवले, असे फ्लिक यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितले आहे. वजन आले ते त्यामुळेच. सर्वांत जाड तारेवर, गिटारच्या घोडीजवळ (ब्रिजपाशी) कडक नखीने, तालाच्या किंचित पुढे रेटून वाजवल्यामुळे प्रत्येक आघात टणत्कारासारखा येतो. हीच धून नंतर शेकडो वादकांनी वाजवली आहे, अधिक स्वच्छ ध्वनिमुद्रणात आणि अधिक महागड्या वाद्यांवर. मला त्यांतले एकही या मूळ वादनाच्या बरोबरीचे वाटत नाही, कारण बाकीचे सगळे धून वाजवतात आणि फ्लिक ती ढकलतात. त्या दिवसाचा मोबदला त्यांना दहा पौंडांहूनही कमी मिळाला.

श्रेयनामावलीपुरती बनवलेली ही धून चित्रपटभर पसरली ती संकलक पीटर हंट यांच्यामुळे. जुगाराच्या टेबलावर शॉन कॉनरी पहिल्यांदा आपले नाव सांगतो, तिथे ती येते. तो विमानतळावर उतरतो, हॉटेलच्या खोलीत केसाचा बारीक तुकडा कपाटाच्या दारावर चिकटवतो, तिथेही येते. 5 ऑक्टोबर 1962 रोजी लंडन पॅव्हिलियन चित्रपटगृहात ‘डॉ. नो’ प्रथम दाखवला गेला. प्रेक्षागृहात बसून चित्रपट पाहिला तेव्हाच आपली धून किती वापरली आहे हे कळले, असे बॅरी सांगत असत. त्यांच्या वाद्यवृंदाची स्वतंत्र तबकडी त्याच वर्षी ब्रिटनमधल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेली. तेरावा क्रमांक हे काही अपूर्व यश नव्हे. खरे यश पुढच्या सहा दशकांत आहे. बॅरी यांनी नंतर अकरा बाँडपटांना संगीत दिले, त्यांच्या पश्चातही बाँडपट काढणाऱ्या इऑन कंपनीच्या 2021 पर्यंतच्या पंचविसाव्या चित्रपटापर्यंत ही धून कोणत्या ना कोणत्या रूपात टिकली, आणि 2006 च्या ‘कसिनो रॉयाल’मध्ये तर संगीतकार डेव्हिड अरनॉल्ड यांनी ती पूर्ण रूपात अगदी शेवटपर्यंत रोखून धरली, जेणेकरून नायकाने ती कमावली आहे असे प्रेक्षकाला वाटावे. एखादी धून इतकी ओळखीची झाली की तिची अनुपस्थितीही काम करते, हे यशाचे फार वरचे टोक आहे.

श्रेयाचा वाद मात्र मिटला नाही. मूळ धून आपणच रचली आणि ठरावीक रकमेच्या बदल्यात श्रेय नॉर्मन यांच्याकडे राहू दिले, असे बॅरी यांचे म्हणणे होते. ‘संडे टाइम्स’ने 1997 मध्ये त्याच आशयाचा मजकूर छापल्यावर नॉर्मन यांनी बदनामीचा दावा लावला. 2001 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातल्या ज्यूरीने नॉर्मन यांच्या बाजूने कौल दिला आणि 30,000 पौंड भरपाई मिळाली. कायद्याने प्रश्न सुटला. माझ्या मते तो निकाल योग्य होता, कारण शिंकेचे गाणे ऐकल्यावर गिटारची ओळ नॉर्मन यांची नाही असे म्हणता येत नाही. परंतु त्याच प्रामाणिकपणाने हेही म्हटले पाहिजे की घिरट्या घालणारे ते चार स्वर, पितळी वाद्यांची उसळी आणि एकूण सगळा दरारा बॅरी यांचा आहे. त्यांनी 1960 च्या ‘बीट गर्ल’ चित्रपटासाठी केलेले संगीत ऐकावे, तिथे हीच जाड तारांची गिटार आणि हेच कडक पितळ आधीच हजर आहे. शिवाय याच ‘डॉ. नो’च्या अल्बमचे उरलेले तुकडे ऐकावेत. बर्ट ऱ्होड्स यांच्या वाद्यसंयोजनात आणि एरिक रॉजर्स यांच्या संचालनाखाली नॉर्मन यांचे संगीत नीटनेटके आहे, पण पहिल्या तुकड्यातली धार त्यात कुठेही नाही. अल्बमच्या अखेरीस हीच धून वेगळ्या बांधणीत पुन्हा येते. ती ऐकणे हा या खरेदीतला सर्वांत बोधप्रद भाग आहे. स्वर तेच, आणि अंगावर काटा मात्र येत नाही.

संगीतकार आणि संयोजक यांच्यातली ही रेघ आपल्याकडच्या श्रोत्यांना अनोळखी नाही. त्याच काळात मुंबईच्या स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संयोजक संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळ, प्रतिसुरावटी आणि मधले तुकडे देत होते, आणि गाणे लोकांच्या ओठांवर रुळले तरी तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव क्वचितच येई. बॅरी निदान श्रेयनामावलीत वादक म्हणून आले आणि पुढे त्यांना स्वतंत्र चित्रपट मिळाले. गोव्याच्या त्या पिढीतल्या अनेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ‘डॉ. नो’ची पहिली पावणेदोन मिनिटे ऐकताना मला त्यांची आठवण होते ती यासाठी, की संयोजन हे कामही रचनेइतकेच सर्जनशील असते याचा इतका उघड पुरावा दुसरा सहज हाती लागत नाही.

वस्तू म्हणून या अल्बमचे दोष गंभीर आहेत. पडद्यावर जे ताणाचे पार्श्वसंगीत ऐकू येते ते इथे फारसे नाही, त्यामुळे चित्रपट आठवत ऐकणाऱ्याचा विरस होतो. क्रम पडद्यावरच्या प्रसंगांशी जुळत नाही. धुनेनंतर लगेच येणारा कॅलिप्सो चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जसा बोंगोंच्या पुलावरून सहज आत येतो, तसा तो तबकडीवर येत नाही, दोन वेगळ्या घरांतली माणसे एका बाकावर बसवावीत तसे वाटते. ध्वनीच्या बाबतीत अपेक्षा काळानुसार ठेवाव्यात. पितळी वाद्ये जोरात आली की आवाज थोडा फाटतो, जमैकातल्या तुकड्यांत तालवाद्ये पुढे आणि गायक मागे आहेत. गिटार मात्र आजही समोर येऊन उभी राहते. स्वस्त छोट्या स्पीकरवर खालच्या तारेचा भरीवपणा हरवतो आणि धून उगाच चिरकी वाटते, म्हणून बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर असतील तरच तिच्याविषयी मत बनवावे.

ज्यांना केवळ धून संग्रही हवी आहे त्यांनी हा अल्बम विकत घेऊ नये. बाँडपटांच्या शीर्षकसंगीताचे जे निवडक संग्रह मिळतात ते त्यांच्यासाठी अधिक किफायतशीर आहेत, फक्त घेण्यापूर्वी त्यात जॉन बॅरी यांचे 1962 चे मूळ ध्वनिमुद्रण आहे की नंतर कोणी पुन्हा वाजवलेले, हे मागच्या बाजूला पाहून घ्यावे, कारण अनेक स्वस्त संग्रहांत दुसऱ्याच वाद्यवृंदाची नक्कल भरलेली असते. ज्यांना साठच्या दशकारंभीचे जमैकन संगीत आवडते त्यांना बायरन लींच्या तुकड्यासाठी आणि आंब्याच्या झाडाच्या गाण्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. आणि जे स्वतः वाजवतात, चाली बांधतात किंवा वाद्यवृंदासाठी लिहितात, त्यांनी तो जरूर घ्यावा आणि या क्रमाने ऐकावा : आधी नॉर्मन यांच्या 2005 च्या अल्बममधले शिंकेचे गाणे, मग इथला शेवटचा तुकडा, आणि त्यानंतर पहिला.